फाटकी मच्छरदाणी आणि लहान मुलांचा हिवताप

पोळा होऊन गेला, दुसऱ्या दिवशीची पांढुर्णा-सावरगावची गोटमार आटोपली, की पावसाचा जोर ओसरू लागतो. जाम नदीचे आणि आसपासच्या नाल्यांचे गढूळ पाणी निवळते. पात्रात खडकांच्या आडोशाला लहानमोठी डबकी उरतात, विहिरी भरलेल्या असतात, संत्र्याच्या बागांतील दांडांत पाणी संथ उभे असते. डोळ्यांना सुखावणारे हे दृश्य हिवतापाच्या दृष्टीने मात्र काळजीचे होय. पूर वाहत असताना डासांची अंडी आणि अळ्या वाहून जातात. पाणी संथ आणि स्वच्छ झाले, की त्यांची वाढ सुरू होते. मध्य भारतातील ग्रामीण भागात हिवताप पसरविणारा प्रमुख डास म्हणजे अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसिस. त्याला असेच निवळलेले पाणी मानवते. गटारात आणि सांडपाण्यात वाढणारा, कानाशी गुणगुणून झोप उडविणारा डास वेगळा. त्यामुळे 'आमच्या गावात गटारे स्वच्छ आहेत, मग ताप कसा येतो?' हा प्रश्न अनेक गावांत विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर गटारात सापडत नाही.

या दिवसांत घरोघरी मच्छरदाण्या बाहेर निघतात. फडताळात किंवा धान्याच्या कोठीमागे घडी करून ठेवलेली मच्छरदाणी झटकली जाते, खुंट्यांना किंवा बाजेच्या खुरांना बांधलेल्या काठ्यांना अडकविली जाते आणि तिच्या आत मुले निजविली जातात. आईवडिलांच्या मनाला तेवढ्याने स्वस्थता येते. तथापि त्या मच्छरदाणीला किती भोके आहेत, ती किती मोठी आहेत आणि कोठे आहेत, हे सहसा कोणी पाहत नाही. मुलाचे रक्षण होते की केवळ रक्षणाचा भास होतो, हे मात्र बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

हिवताप घटला, संपला नाही

देशव्यापी हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला. त्या सुमारास भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज होता. १९५८ साली नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. फवारणीच्या जोरावर साठच्या दशकाच्या मध्यास रुग्णांची संख्या वर्षाला सुमारे एक लाखापर्यंत खाली आली. हिवताप गेला असे सर्वांनी मानले, यंत्रणा सैल झाली आणि १९७६ साली रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. हा अनुभव जुन्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या चांगला स्मरणात आहे.

अलीकडील चित्र पुन्हा आशादायक आहे. शासकीय नोंदीप्रमाणे देशात २०१५ साली ११ लाख ६९ हजारांहून अधिक रुग्ण होते. २०२३ साली ही संख्या २ लाख २७ हजारांच्या घरात आली. २०३० सालापर्यंत देशातून हिवताप हद्दपार करण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०१६ साली जाहीर केलेल्या आराखड्यात ठेवले आहे. आपल्या राज्यातील मंडला जिल्ह्यात २०१७ पासून १,२३३ गावांमध्ये घरोघर ताप शोधून तपासणी व उपचार करण्याचा प्रकल्प राबविण्यात आला. जबलपूर येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेचा त्यात सहभाग होता. पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही भाग छिंदवाडा जिल्ह्यात होते. कापूस वेचणी आणि संत्रातोडणीच्या दिवसांत इकडे बाहेरगावची मजूर कुटुंबे येतात, काही लोक कामासाठी दूर जाऊन परततात. तापाचा जंतू अशा येण्याजाण्याबरोबर प्रवास करतो. गावात वर्षभर एकही रुग्ण नसला, तरी एक रुग्ण आणि पुरेसे डास एवढी सामग्री साथ उभी करावयास पुरी पडते.

भोकातून डास आत येतो तेव्हा

मच्छरदाणीच्या आत निजलेल्या माणसाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. शरीराची ऊब आणि वास त्याबरोबर वर चढतो. डास या खुणांच्या मागाने येतो. संशोधकांनी अंधारात डासांच्या हालचालींचे चित्रण करून पाहिले, तेव्हा बहुतेक डास प्रथम मच्छरदाणीच्या छतावर, निजलेल्या माणसाच्या छातीच्या वरच्या बाजूस येऊन आदळतात असे दिसून आले. तेथून ते उतरत, उड्या मारत, पुन्हापुन्हा जाळीला स्पर्श करीत वाट शोधतात. छत धड असेल तर त्यांना बाजूंकडे यावे लागते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. साध्या, म्हणजे कीटकनाशक नसलेल्या मच्छरदाणीत भोकातून शिरलेल्या डासाला बाहेर पडण्याची वाट सहज सापडत नाही. रात्रभर तो आतच राहतो. बाहेरच्या डासाला गोठ्यातील बैलही चालला असता. खरे तर क्युलिसिफेसिस जातीच्या डासाची ओढ माणसापेक्षा गुरांकडेच अधिक असते. आत अडकलेल्या डासापुढे मात्र मूल एवढेच भक्ष्य उरते. सकाळी मच्छरदाणीच्या कोपऱ्यात रक्त पिऊन फुगलेला डास बसलेला दिसतो, हा अनुभव बहुतेक घरांचा आहे.

मच्छरदाणी डासाला आत कोंडण्यासाठीही वापरता येते, हे विज्ञानाच्या इतिहासातही नमूद आहे. १८९७ सालच्या ऑगस्ट महिन्यात सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाला मच्छरदाणीत निजवून आत डास सोडले आणि प्रत्येक चाव्यामागे त्याला एक आणा दिला. त्या डासांपैकी एकाच्या जठरात २० ऑगस्ट रोजी हिवतापाच्या जंतूंची वाढ दिसली आणि डास व हिवताप यांचा संबंध सिद्ध झाला. रॉस यांनी जे हेतुपुरस्सर केले, ते फाटक्या मच्छरदाणीत आपल्या घरी नकळत घडते, आणि हुसेन खानाला मिळालेला आणाही आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही.

औषधी मच्छरदाणी फाटली तर?

बाजारात मिळणारी साधी नायलॉनची किंवा सुती मच्छरदाणी आणि आरोग्य खात्यातर्फे हिवतापग्रस्त गावांत वाटली जाणारी मच्छरदाणी यांत महत्त्वाचा भेद आहे. दुसऱ्या प्रकारच्या मच्छरदाणीच्या धाग्यातच डेल्टामेथ्रिन, अल्फासायपरमेथ्रिन यांसारखे कीटकनाशक मुरविलेले असते. पूर्वी साध्या मच्छरदाण्या गावात गोळा करून औषधाच्या द्रावणात बुडविल्या जात व दर सहा महिन्यांनी ते पुन्हा करावे लागे. २००९ सालापासून भारतात दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधी मच्छरदाण्यांचे वाटप सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कसोटीप्रमाणे अशा मच्छरदाणीचे औषध प्रयोगशाळेतील २० धुण्यांपर्यंत आणि प्रत्यक्ष वापरात सुमारे तीन वर्षे परिणामकारक राहिले पाहिजे.

औषधी मच्छरदाणीला भोक पडले तरी ती एकदम निरुपयोगी होत नाही. भोक शोधीत जाळीवर चालणाऱ्या डासाच्या पायांना औषध लागते. तो बेचैन होऊन उडून जातो किंवा मरतो. नव्या औषधी मच्छरदाण्यांची परीक्षा घेताना संशोधक मुद्दाम प्रत्येक मच्छरदाणीला चार सेंटिमीटर लांबी-रुंदीची सहा भोके पाडतात, लांब बाजूंना दोन-दोन आणि आखूड बाजूंना एक-एक, आणि मगच तिच्यात माणसाला निजवून किती डास आत येतात, किती मरतात हे मोजतात. फाटणे हा मच्छरदाणीचा धर्मच आहे हे गृहीत धरूनच ही परीक्षा रचलेली आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. साधी मच्छरदाणी ही केवळ भिंत होय. भिंतीला भगदाड पडले की तिचा उपयोग झपाट्याने घटतो. औषधी मच्छरदाणी ही भिंतही आहे आणि पहारेकरीही. भिंत थोडी पडली तरी पहारेकरी काही काळ काम करतो. परंतु धुण्याने, उन्हाने आणि वापराने औषध कमी होत जाते आणि नेमक्या त्याच काळात भोके वाढत जातात. दोन्ही बाजूंनी होणारी ही झीज तिसऱ्या वर्षाच्या सुमारास एकत्र येते. त्यात भर म्हणजे या वर्गातील औषधांना डास ठिकठिकाणी दाद देईनासे झाले आहेत. क्युलिसिफेसिस डास डीडीटीला जुमानत नाही हे मध्य भारतात फार पूर्वीच आढळून आले होते. पुढे नव्या औषधांबाबतही तसाच अनुभव काही भागांत येऊ लागला. औषधाचा धाक कमी झाला की जाळी धड असण्याचे महत्त्व तितकेच वाढते.

औषधाला न जुमानणारे डास असलेल्या प्रदेशात मच्छरदाणी वापरण्यात अर्थ आहे काय, असा प्रश्न यामुळे उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत त्याची पाहणी केली. भारतातील पाहणीसाठी छत्तीसगडमधील केशकाल भागाची निवड झाली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, डास प्रतिकारक्षम झालेल्या गावांतही मच्छरदाणीत निजणाऱ्यांना न निजणाऱ्यांपेक्षा हिवताप कमी झाला. भिंतीचे काम भिंत करतेच, असा याचा साधा अर्थ लावता येईल.

मुलांच्या पाहण्या काय सांगतात

कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांनी लहान मुलांचे प्राण वाचतात, याविषयी आज शंका उरलेली नाही. आफ्रिकेतील प्रयोगांचा २००४ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा अशा मच्छरदाण्यांमुळे बालमृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचे आणि साध्या हिवतापाचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले. हे आकडे मात्र प्रयोगातील, म्हणजे बहुतांशी नव्या व देखरेखीखालील मच्छरदाण्यांचे आहेत. घरातील तीन पावसाळे पाहिलेल्या मच्छरदाणीचे काय, हा प्रश्न नंतर पुढे आला.

इक्वेटोरियल गिनी या देशातील बायोको बेटावर २ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे रक्त तपासून त्यांच्या मच्छरदाण्यांची स्थितीही नोंदविण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने, मच्छरदाणीची स्थिती जसजशी खालावते तसतसे मुलाला मिळणारे संरक्षणही खालावते, असे दाखविले. याउलट मलावी देशात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हिवताप झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या औषधी मच्छरदाण्यांतील भोकांच्या क्षेत्रफळात लक्षणीय फरक आढळला नाही.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांत फारसा विरोध नाही. जाळीत औषध शिल्लक असेल, तर काही भोकांनी लगेच अनर्थ ओढवत नाही. औषध नसेल किंवा संपले असेल, तर प्रत्येक भोकाची किंमत मोजावी लागते. तेव्हा 'फाटली म्हणून टाकून दिली' हेही चुकीचे आणि 'फाटली तरी चालते' हेही चुकीचे. नवी मच्छरदाणी हाती येईपर्यंत फाटकी शिवून वापरीत राहणे, हाच त्यातला व्यवहार होय. काहीच नसण्यापेक्षा फाटकी मच्छरदाणी बरी, हे मलावीच्या अभ्यासावरून निदान अनुमानाने तरी म्हणता येते.

मुलांचा विचार वेगळा करावयाचा तो का, असेही कोणी विचारील. आफ्रिका खंडात हिवतापाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पाच वर्षांखालील मुलांचे असतात. आपल्याकडे प्रादुर्भाव कमी असल्यामुळे मोठ्या माणसांच्या अंगीही पुरेशी प्रतिकारशक्ती नसते. शेतात जागलीला जाणारा तरुण आणि घरातील बालक दोघांनाही ताप येतो. फरक पडतो तो तापाच्या परिणामात. फाल्सिपेरम जातीच्या जंतूमुळे येणारा ताप लहान मुलात एका दिवसातही गंभीर रूप धारण करू शकतो. झटके येतात, शुद्ध हरपते, रक्तातील साखर घटते. व्हायवॅक्स जातीचा जंतू तुलनेने सौम्य समजला जातो, परंतु तो यकृतात दडून राहतो आणि आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. वारंवार येणाऱ्या तापाने रक्त कमी होते, मूल पांढुरके व मलूल होते, अन्नावरची वासना जाते, शाळा बुडते. आधीच रक्तक्षय असलेल्या मुलाला हे फार जड जाते.

आणखी एक साधी गोष्ट आहे. मोठी माणसे झोपेतही डास हाकलतात, कूस बदलतात. दोन वर्षांचे मूल गाढ झोपते, लोळत लोळत कडेला जाते आणि त्याचा हातपाय जाळीला चिकटतो. औषध नसलेल्या जाळीतून बाहेरचा डास अशा वेळी भोक नसतानाही चावतो. भोके तर बहुधा नेमकी त्याच उंचीवर असतात.

मच्छरदाणी फाटते कोठे आणि का

वापरलेल्या मच्छरदाण्या तपासल्या, तर छतापेक्षा बाजूंचा खालचा भाग अधिक फाटलेला आढळतो. गादीखाली किंवा सतरंजीखाली खोचताना तोच भाग रोज ओढला जातो. बाजेच्या सुंभात, लोखंडी पलंगाच्या पत्र्यात, लाकडी फळीच्या खिळ्यात तोच अडकतो. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्या घरात तो भाग पायाखाली येतो. खेळताना मुले त्यालाच लोंबकळतात.

पांढुर्णा-सौंसर भागात याखेरीज एक खास कारण संभवते, ते म्हणजे वाळविण्याची जागा. धुतलेली मच्छरदाणी बाभळीच्या कुंपणावर किंवा परसातील संत्र्याच्या, लिंबाच्या झाडावर पसरण्याची सवय अनेक घरी दिसते. ओली जाळी जड असते. काट्यात अडकलेली ती ओढून काढली, की एका दुपारी दहा-पंधरा भोके पडतात. ती लहान असतात म्हणून दिसत नाहीत. पुढे ओढ बसली की तीच फाटत जातात. दोरीवर, सावलीत वाळवावी, हा सल्ला औषध टिकण्यासाठी दिला जातो. जाळी टिकण्यासाठीही तो तितकाच उपयोगी आहे.

उंदरांचा उपद्रव हे दुसरे कारण. उन्हाळ्यात घडी करून धान्याजवळ ठेवलेली मच्छरदाणी पावसाळ्यात उघडली, तर घडीच्या प्रत्येक पदरात एकाच जागी भोक सापडते, आणि उलगडल्यावर त्यांची रांगच दिसते. अशी मच्छरदाणी कण्हेरी-कोठीपासून दूर, पत्र्याच्या पेटीत किंवा दोरीवर टांगून ठेवावी. चिमणी, उदबत्ती, विडी यांच्या ठिणगीने पडणारी भोके तिसऱ्या प्रकारची. कृत्रिम धागा जळत नाही तर वितळतो, त्यामुळे भोकाची कड कडक होऊन ते सहसा पुढे फाटत नाही. पण जळत्या दिव्याजवळ मच्छरदाणी लावणे हा मुळातच मोठा धोका आहे, त्याची भोकांशी तुलना करण्याचे कारण नाही.

मच्छरदाणी तीन वर्षे टिकावी ही अपेक्षा कितपत खरी ठरते? आफ्रिकेतील अनेक देशांच्या माहितीचे २०२१ साली विश्लेषण करण्यात आले, तेव्हा घरात मच्छरदाणी राहण्याचा मध्यम काळ दोन वर्षांहूनही कमी, म्हणजे सुमारे १.६४ वर्षे आढळला. यातून अधिकाऱ्यांनी एक बोध घ्यावयास हरकत नाही. वाटप नोंदवहीत ज्या मच्छरदाण्या एकदा चढल्या, त्या वहीत तशाच राहतात. घरात मात्र त्या दर पावसाळ्याला कमी होत जातात. तीन वर्षांपूर्वीच्या वाटपावर 'गाव संपूर्ण संरक्षित' असा शेरा मारणे हे वहीचे समाधान होय.

अंगठा, मूठ आणि डोके

मच्छरदाणी किती फाटली हे ठरविण्याची एक सोपी रीत जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिली आहे. तिला उपकरण लागत नाही. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान भोक मोजावयाचे नाही. ज्यातून प्रौढ माणसाचा अंगठा जाणार नाही, असे भोक पहिल्या आकाराचे, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंतचे. ज्यातून अंगठा जाईल पण मूठ जाणार नाही ते दुसऱ्या आकाराचे, दहा सेंटिमीटरपर्यंतचे. ज्यातून मूठ जाईल पण डोके जाणार नाही ते तिसऱ्या आकाराचे, पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचे. त्याहून मोठे ते चौथ्या आकाराचे.

प्रत्येक आकाराला क्षेत्रफळाच्या प्रमाणात गुण दिले आहेत. पहिल्याला १, दुसऱ्याला २३, तिसऱ्याला १९६ आणि चौथ्याला ५७६. सर्व भोकांच्या गुणांची बेरीज ६४ पर्यंत असेल तर मच्छरदाणी चांगली. ६५ ते ६४२ पर्यंत असेल तर खराब झालेली, पण वापरण्याजोगी. ६४२ च्या वर गेली तर ती बदलावी.

हे आकडे थोडे हाताळून पाहिले, तर त्यांतील मर्म ध्यानात येते. अंगठ्याएवढी वीस भोके आणि मुठीएवढी दोन भोके असलेल्या मच्छरदाणीचे गुण २० अधिक ४६, म्हणजे ६६. ती चांगल्याच्या मर्यादेबाहेर नुकतीच गेली आहे. त्यातील एक मुठीएवढे भोक शिवले, की गुण ४३ होतात आणि मच्छरदाणी पुन्हा चांगल्या वर्गात येते. सुईदोऱ्याचे पाच मिनिटांचे काम. मूठ जाईल पण डोके जाणार नाही एवढी तीन भोके असतील तर गुण ५८८ होतात, चौथे पडले की ७८४. पंचवीस सेंटिमीटरहून मोठे एकच भोक आणि त्याबरोबर मुठीएवढी तीन भोके एवढ्यानेच बेरीज ६४५ होते आणि मच्छरदाणी बाद ठरते. म्हणून लहान भोकांच्या संख्येने घाबरून जाण्यापेक्षा मोठी भोके आधी बुजवावी.

शिक्षकांना यात गणिताचा एक चांगला पाठ मिळेल. पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी घरच्या मच्छरदाणीची भोके मोजून आणावी, वर्गात गुणाकार-बेरीज करावी आणि फळ्यावर तीन रकाने आखावे. मात्र मुलांचा अंगठा आणि मूठ लहान असते, म्हणून मोजताना पट्टी वापरावी किंवा घरच्या मोठ्यांची मदत घ्यावी. कोणाची मच्छरदाणी कोणत्या रकान्यात, हे नावानिशी वाचून दाखवू नये. ज्या घरात मच्छरदाणीच नाही त्या मुलाला खाली मान घालावी लागेल, असा पाठ कोणाच्याच उपयोगाचा नाही. एकूण आकडे मात्र आशा कार्यकर्तीस व ग्रामपंचायतीस जरूर द्यावे, कारण गावातील मच्छरदाण्यांची खरी स्थिती सांगणारे असे साधन दुसरे क्वचितच असते.

शिवणे, धुणे, खोचणे

अंगठ्याएवढे भोक असेल तर कडा एकत्र घेऊन दोऱ्याने गाठ मारली तरी पुरते. मुठीएवढ्या भोकाला सुईने टाके घालावे. त्याहून मोठ्यास जुन्या बाद मच्छरदाणीचा तुकडा ठिगळ म्हणून लावावा. सुती कापडाचे ठिगळही चालते, हवा थोडी अडते इतकेच. शिवणीने जाळी चुणून आखूड होत असेल, तर खाली खोचावयास पुरेशी लांबी उरते की नाही ते पाहावे. नीट न खोचलेली नवी मच्छरदाणी ही चहूबाजूंनी फाटलेल्या मच्छरदाणीसारखीच होय.

औषधी मच्छरदाणी नवी असताना वेष्टनातून काढून एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवावी, मग वापरावी. मळली तर थंड पाण्यात साध्या अंगाच्या साबणाने हलक्या हाताने धुवावी. धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर वा कडक पावडर वापरू नये, दगडावर आपटू नये. दर आठवड्याला धुण्याची गरज नाही, वर्षातून काही वेळा पुरे. धुतलेले पाणी नदीत, नाल्यात वा विहिरीजवळ टाकू नये, कारण ही औषधे माशांना घातक असतात. याच कारणाने जुन्या औषधी मच्छरदाणीने मासे धरणेही वर्ज्य मानावे. बाद झालेल्या मच्छरदाणीचे तुकडे खिडकीला जाळी म्हणून लावता येतात. उघड्यावर जाळू मात्र नये.

घरात मच्छरदाण्या अपुऱ्या असतील, तर सर्वांत धड असलेली कोणाच्या वाट्याला यावी? दोन माणसांमागे एक हे प्रमाण शिफारस केलेले आहे, पण प्रत्येक घरी ते साधतेच असे नाही. गरोदर स्त्री आणि पाच वर्षांखालील मुले यांचा हक्क पहिला. पुष्कळ घरांत याच्या उलट दिसते. चांगली मच्छरदाणी घरधन्याच्या पलंगावर असते आणि जुनी मुलांच्या अंथरुणावर. पलंग नवा म्हणून मच्छरदाणीही नवी, असा हा हिशेब असावा. तो बदलावयास पैसा लागत नाही.

शेतात मुक्कामाला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार निराळा करावा लागतो. बागेतील झोपडीत मुलेही सोबत असतात, भिंती कुडाच्या असतात, बाजूला पाण्याचे टाके वा विहीर असते. घरची मच्छरदाणी घरी राहते आणि झोपडीत मुले उघडी निजतात. अशा वेळी एक मच्छरदाणी शेतासाठी म्हणून वेगळी ठेवावी आणि चार काठ्या रोवून बांधण्याची सोय करावी. बाहेरून आलेल्या मजूर कुटुंबांच्या बाबतीत बागमालकाने व आशा कार्यकर्तीने ही चौकशी पहिल्याच आठवड्यात केलेली बरी.

चांगल्या मच्छरदाणीत निजणाऱ्या मुलालाही ताप येऊ शकतो, कारण तो संध्याकाळी अंगणात बसला असता डास चावलेला असू शकतो. डास चावल्यापासून ताप येण्यास साधारणपणे दहा दिवस ते दोन आठवडे, कधी अधिकही, लागतात. म्हणून ताप आला त्या रात्री मच्छरदाणी होती की नव्हती हे आठवण्यात वेळ घालवू नये. थंडी वाजून ताप आला, किंवा लहान मुलास नुसता ताप असून ते दूध पीत नसेल, ओकत असेल, सुस्त पडत असेल, तर त्याच दिवशी आशा कार्यकर्तीकडून किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. तेथे तपासणी व औषध विनामूल्य मिळते. रक्तात व्हायवॅक्स जातीचा जंतू आढळल्यास तीन दिवसांच्या गोळ्यांखेरीज यकृतातील जंतूंसाठी चौदा दिवसांचे दुसरे औषध दिले जाते. तान्ह्या बाळास व गरोदर स्त्रीस ते देत नाहीत. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात, असे वारंवार घडते. दोन महिन्यांनी तोच ताप परत येतो आणि दोष मच्छरदाणीला दिला जातो.